दहापैकी दोन

मित्रांनो, मी एक जुना सोफा आहे. तिघांना बसता येईल एवढा लांब, तपकिरी रेक्झिनचा. माझ्या डाव्या हातावर चार नखांच्या खुणा आहेत. बघणाऱ्याला वाटते, घरात मांजर असेल. घरात मांजर नाही. त्या खुणा एका विमा एजंटाच्या आहेत, आणि भयपट बघताना आपल्याला कधीच भीती वाटत नाही असे त्या गृहस्थांचे जाहीर मत आहे.

पण क्रमाने सांगतो.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. त्याने माझा सांगाडा पक्क्या लाकडाचा केला, आत स्प्रिंगा बसवल्या, काथ्या भरला आणि वरून रेक्झिन ताणून खिळे ठोकले. सुतार कमी बोलायचा. काम संपल्यावर त्याने माझ्यावर धपकन बसून बघितले आणि मग बायकोला हाक मारून तिलाही बसायला लावले. "कुरकुरला नाही," एवढेच तो म्हणाला. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. पुढची एकोणीस वर्षे दुसरे झाले नाही.

कारण तिथून मी थेट दातांच्या दवाखान्यात गेलो. बाहेरच्या खोलीत, दारासमोर, मला ठेवण्यात आले. मित्रांनो, मी शाळेत गेलेलो नाही, पण भीती या एका विषयात माझा अभ्यास पक्का आहे. माणसाची भीती चेहऱ्यावर दिसते असे तुम्हाला वाटत असेल. चेहरा मासिक चाळत असतो. भीती असते टाचेत, मांडीत आणि पाठीत. ज्याला खरोखर भीती वाटते तो मला टेकत नाही. तो कडेवरची चार बोटे जागा धरून बसतो. आतून यंत्राची घरघर आली की त्याची टाच हलू लागते, आणि मग त्याचा हात माझा हात शोधू लागतो. "मला काही नाही, नुसतं दाखवायला आलोय," असे जो शेजाऱ्याला सांगे, तो हमखास सर्वांत कडेला बसलेला असे.

एकोणीस वर्षांनी डॉक्टरांनी एका लोखंडी पट्टीवर ओळीने बसवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. त्या पुसायला सोप्या होत्या. माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथे मी चार महिने उभ्याने काढले. त्या काळात माझ्याकडे कोणी बघितले नाही. एका उंदराने बघितले, आणि तो राहायलाच आला.

दवाखान्यात फोन घेणारा, नंबर पुकारणारा आणि हत्यारे उकळणारा एक माणूस होता. सगळे त्याला कंपाउंडर म्हणत. एके दिवशी त्याने डॉक्टरांना विचारले, टेम्पो बोलावला आणि मला घरी नेले. घरात तो आणि त्याची थोरली बहीण अशी दोघेच. ताई पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवायच्या. धाकट्या भावाला त्या छोट्या म्हणत. छोट्या तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता.

"छोट्या, हे काय धूड आणलंस? आपल्याकडे बसायला येतं कोण?"

"येतील," कंपाउंडर म्हणाला.

ताईंनी माझा फाटलेला कोपरा शिवला, उंदराची व्यवस्था केली आणि मला ओल्या फडक्याने पुसून खिडकीसमोर ठेवले. आणि खरोखरच माणसे आली.

तिघे आले, आणि अकरा वर्षे दर रविवारी दुपारी तीन वाजता येत राहिले. डावीकडे बसत ते विमा एजंट. त्यांना सगळे विमासाहेब म्हणत, कारण ते मत सांगताना उभे राहत. मधे बसत त्या एका वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई. उजवीकडे बसे तो लिफ्ट दुरुस्त करणारा, म्हणजे लिफ्टवाला. कंपाउंडर स्वतः मागे प्लेयरजवळ स्टुलावर बसत असे. चौघांना एकच व्यसन होते. भयपट. तेही साधेसुधे नाहीत. कोणी ऐकलेले नाहीत असे जुने, आणि कोणी अजून बघितलेले नाहीत असे नवे. पडदे ओढले जायचे, सिनेमा लागायचा, संपायचा, दिवा लागायचा. आणि मग, चहा यायच्या आत, प्रत्येकाने आपले मत सांगायचे आणि भीतीला दहापैकी गुण द्यायचे, असा तिथला रिवाज होता. गुण एकदा दिले की बदलायचे नाहीत, हाही.

मित्रांनो, मी त्या खोलीत शेकडो मते ऐकली आहेत. नमुन्यादाखल सांगतो. एकदा बर्फाळ प्रदेशातला एक जुना सिनेमा लागला. त्यात एका कुटुंबाला भिंतीच्या आतून कोणीतरी चालल्याचा आवाज येतो.

"भिंत फोडायला नको होती," बाई म्हणाल्या. "फोडलीत की संपलं. आत काय आहे ते कळल्यावर माणूस घरी जाऊन झोपतो."

"नऊ इंची भिंत आहे," लिफ्टवाला म्हणाला. "तिच्यात माणूस चालेल कसा? आडवा?"

"भूत आहे ते."

"भुताला खांदे दाखवलेत ना? मग मापात बसवा."

दुसऱ्या एका रविवारी अगदी नवा सिनेमा लागला, फोनमधून येणाऱ्या भुताचा. विमासाहेब उभे राहिले.

"हल्लीच्या भुतांना धीर नाही. पाचव्या मिनिटाला हजर! अहो, जरा ओळखपाळख तर होऊ द्या. मी पॉलिसी विकायला जातो तेव्हासुद्धा आधी मुलं कितवीत आहेत ते विचारतो."

"आणि ते आवाज!" बाई म्हणाल्या. "भीती घालता येत नाही म्हणून दचकवतात. माझ्यामागे कोणी फुगा फोडला तर मीही दचकेन. म्हणून फुगा भयानक होत नाही."

"फोनची बॅटरी एवढी टिकत नाही," लिफ्टवाला म्हणाला.

गुण पडले दीड, एक आणि दोन. अकरा वर्षांत पाचाच्या वर कोणी गेले नव्हते. साडेचार हा उच्चांक होता. तोही लिफ्टवाल्याने दिलेला, एका सिनेमातली लिफ्ट तांत्रिकदृष्ट्या बरोबर पडली म्हणून. जास्त गुण देणे म्हणजे आपण घाबरलो असे कबूल करणे, आणि एवढे सिनेमे पचवलेल्या माणसांना ते शोभत नसे. बाई तर ज्या सिनेमाला गुण द्यायच्या तो कोणाकोणाला माहीत आहे याची आधी चौकशी करायच्या. कोणालाच नसेल तर अर्धा गुण वाढायचा.

मी मात्र खाली होतो. फोनमधल्या भुताला एक गुण देणाऱ्या बाई चाळीस मिनिटे मला टेकल्या नव्हत्या. लिफ्टवाल्याची टाच यंत्रासारखी चालत होती. आणि विमासाहेबांची नखे माझ्या डाव्या हातात रुतलेली होती. दवाखान्यातली माणसे आणि ही माणसे यांत फरक एवढाच की दवाखान्यातली माणसे पुढच्या वेळी परत यायला कुरकुर करत.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

कंपाउंडरने स्वतः एक भयपट काढला होता. सव्वीस मिनिटांचा. दवाखाना रविवारी बंद असे. डॉक्टरांची परवानगी घेऊन रविवारी सकाळी तो आणि ताई कॅमेरा घेऊन तिथे जात आणि तीनच्या आत परत येत. असे दोन वर्षे चालले. त्यातले काम दोघांनीच केले. रोगी दिसतच नाही, कारण कॅमेरा म्हणजेच रोगी. आपल्याला छत दिसते, वरचा दिवा दिसतो आणि वाकलेली एक डॉक्टरीण दिसते, तोंडावर मास्क लावलेली. त्या ताई. मीही त्यात आहे. एका सकाळी मला टेम्पोत घालून दवाखान्यात नेण्यात आले, माझ्यावर पांढरी चादर टाकली आणि चादरीखाली कोणी बसल्यासारखे वाटावे म्हणून एक उपडी बादली आणि दोन उशा ठेवल्या. मी माझे काम चोख केले. हललो नाही.

सिनेमात एक शब्दही नाही. डॉक्टरीण एका बारीक हत्याराने रोग्याचे दात मोजते. प्रत्येक दातावर एक ठोका. टिक. टिक. बघणारा नकळत बरोबर मोजू लागतो. तिसावा, एकतिसावा, बत्तिसावा. आणि मग ती थांबत नाही. टिक. बस्स, एवढाच सिनेमा आहे. ती एक्केचाळिसाव्या ठोक्याला थांबते आणि समाधानाने मान हलवते.

लघुपटांच्या एका महोत्सवात तो पाठवायचा, असे कंपाउंडरच्या मनात होते. महिनाअखेरच्या आत तो पोस्टात टाकायचा होता. पण त्याने स्वतःला एक अट घातली.

"या तिघांना आवडला तरच पाठवणार," तो ताईंना म्हणाला. "नाहीतर पुसून टाकणार. आणि कोणी काढलाय ते सांगायचं नाही. सांगितलं तर खोटं बोलतील."

"न सांगता तरी कुठे खरं बोलतात?" ताई म्हणाल्या.

मित्रांनो, या घरात त्या एकट्याच माझ्या विषयातल्या जाणकार होत्या.

रविवारी कंपाउंडरने नेहमीच्या आवाजात सांगितले, "आज आधी एक छोटा आहे. कुठला, कोणाचा, काही माहीत नाही. संवाद नाहीत." बाई लगेच सावरून बसल्या. सिनेमा सुरू झाला. पाचव्या मिनिटाला तीन पाठींपैकी एकही मला टेकलेली नव्हती. पंधराव्या मिनिटाला मोजणी सुरू झाली आणि खोलीतला श्वास त्या ठोक्यांच्या तालावर येऊ लागला. तेहतिसाव्या ठोक्याला लिफ्टवाल्याची टाच थांबली. ती कधीच थांबत नसे. बाईंनी तोंड मिटून घेतले, घट्ट, कोणी आत डोकावेल या भीतीने. आणि विमासाहेबांनी माझ्या डाव्या हाताचा रेक्झिन फाडला. सुरुवातीला चार नखांच्या ज्या खुणा मी म्हणालो, त्या याच दिवशीच्या.

दिवा लागला. कंपाउंडर स्टुलावर बसून रिमोटची पाठ उघडत आणि लावत होता.

विमासाहेब उभे राहिले, पुन्हा बसले, पुन्हा उभे राहिले. "ठीक आहे," ते म्हणाले. "कल्पना बरी. जरा बालिश. दोन."

"चादरीखालचा सोफा ओढूनताणून आणलाय," बाई म्हणाल्या. हे त्या माझ्यावर बसून म्हणाल्या. "आणि ती डॉक्टरीण अगदी मख्ख आहे. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. दोन. दुर्मिळ आहे म्हणून अडीच."

त्याच वेळी ताई चहाचा ट्रे घेऊन आत आल्या होत्या. "मास्क लावल्यावर अजून काय करणार ती?" त्या म्हणाल्या. "भुवया नाचवणार?"

"तुम्ही बघितलात?"

"स्वयंपाकघरातून दिसतं." त्यांनी चहा ठेवला. बिस्किटे त्या दिवशी आली नाहीत.

"दात बत्तीसच असतात," लिफ्टवाला म्हणाला. "पुढे मोजणं म्हणजे साधी चूक आहे. कोणी तपासत नाही का? दोन."

"पण भीती?" कंपाउंडरने विचारले. "भीती वाटली का थोडीतरी?"

तिघेही हसले. तीन वेगवेगळ्या वेळी.

मित्रांनो, निसर्गाने सोफ्याला चार पाय दिले, दोन हात दिले, पाठ दिली, फक्त तोंड दिले नाही. मला एवढेच सांगायचे होते की अरे छोट्या, मी एकोणीस वर्षे खरी भीती अंगावर वागवली आहे, आणि आजची त्यातल्या कशाहूनही कमी नव्हती. मी एक स्प्रिंग वाजवली. ताई म्हणाल्या, "याला तेल घालायला झालंय."

तिघे गेल्यावर कंपाउंडरने सिनेमाची डिस्क कपाटाच्या खणात ठेवली. "महिनाअखेरीला पुसतो," तो म्हणाला. "आत्ता हात धजत नाही."

पुढच्या रविवारी विमासाहेब आले ते उजवा गाल हातात धरून. "डास चावला," ते म्हणाले. सगळ्यांनी मान हलवली. त्या दिवशी बेटावरच्या दीपगृहाचा एक नवा सिनेमा होता. त्यावर मते चालू असताना बाईंनी कप बशीत ठेवला. टिक. विमासाहेब माझ्यावरून चार बोटे वर उडाले आणि खाली आल्यावर म्हणाले, "दीपगृहाचं छायाचित्रण उत्तम."

त्यापुढच्या रविवारी ते अर्धा तास आधीच आले. गाल आता मुठीएवढा झाला होता आणि अंगात ताप होता. ते माझ्या कडेवर बसले.

"कंपाउंडर, बाकीचे यायच्या आत एक विचारतो. दाढ उभ्याने काढता येते का?"

"उभ्याने?"

"किंवा बसून. इथे, या सोफ्यावर. त्या खुर्चीत न झोपता."

कंपाउंडरने स्टूल पुढे ओढले. "विमासाहेब, तुम्ही गेल्या मंगळवारी फोन केलात, म्हणालात पाहुणे आलेत, नंबर पुढे ढकला. गुरुवारी म्हणालात पाहुणे गेले नाहीत. काल म्हणालात पाहुणे आजारी पडलेत. फोन मीच घेतो."

"पाहुणे नाहीत."

"ते कळलं. मी डॉक्टरांना तुमची सूज सांगितली. ते म्हणाले, आत पू असणार, तो आणखी पसरला तर सरळ मोठ्या इस्पितळात न्यावं लागेल. तुम्ही लहान आहात का?"

विमासाहेब पडद्याकडे बघत अगदी हळू म्हणाले, "ती मोजते हो."

"कोण?"

"तुम्ही हसाल. त्या छोट्या सिनेमातली ती बाई. मी खुर्चीत आडवा झालो, तोंड उघडलं, की ती बत्तीसवर थांबणार नाही. मला माहितेय हे खोटं आहे. मी छप्पन्न वर्षांचा आहे. रात्री जीभ आपोआप मोजायला लागते, आणि मी तिला मधेच थांबवतो. पुढे जाऊच देत नाही."

कंपाउंडर हसला नाही. तो स्टुलावरून उठला आणि येऊन माझ्यावर बसला, विमासाहेबांच्या शेजारी. त्याची पाठ मला टेकली नाही. मित्रांनो, त्या माणसाला आयुष्यात कधी नव्हे ती मनापासूनची पावती मिळत होती, आणि ती देणारा माणूस तापाने फणफणत होता. पावती खिशात घालावी तर मित्राचा जीव धोक्यात. मित्राला सांगावे तर सिनेमाची जादू तिथल्या तिथे संपली. तो फार वेळ गप्प बसला नाही, हे मी त्याच्या बाजूने नमूद करतो.

"ताई," त्याने हाक मारली. "जरा ये. मास्क घेऊन ये. आणि एक बशी, चमचा."

ताई आल्या. त्यांनी मास्क बांधला आणि बशीवर चमचा वाजवला. टिक.

विमासाहेब माझ्यावरून घसरून खाली बसले.

"तो सिनेमा मी काढलाय," कंपाउंडर म्हणाला. "हीच ती डॉक्टरीण. दातांचा आवाज म्हणजे हा चमचा. आता घाबरायचं काही कारण नाही."

विमासाहेबांनी ताईंकडे बघितले. मग कंपाउंडरकडे. "म्हणजे अकरा वर्षं मी ह्यांच्या हातचा चहा पितोय?"

"तेच म्हणतोय मी."

"अहो, आधी ती सिनेमात होती. आता ती तुमच्या स्वयंपाकघरात आहे!"

हे कंपाउंडरच्या लक्षातच आले नव्हते. ताईंनी मास्क काढला. "उद्या दहा वाजता मी येते तुमच्याबरोबर," त्या म्हणाल्या. "तोंड उघडं ठेवून येते. आणि माझे दोन्ही हात तुम्हाला दिसतील असे ठेवते. आता वर बसा, जमीन गार आहे."

विमासाहेब वर बसले. "छान काढलायत," ते गालातून म्हणाले.

"तुम्ही दोन दिलेत."

"दिले."

"का?"

"मग काय करू? बाई शेजारी. लिफ्टवाला पलीकडे. अकरा वर्षांत पाचाच्या वर कोणी गेलं नाही, मी पहिला जाऊ?"

कंपाउंडरने डिस्क ठेवलेल्या खणाकडे बघितले. महिना संपायला नऊ दिवस होते.

सोमवारी काय झाले ते मी संध्याकाळी ताईंच्या तोंडून ऐकले. विमासाहेबांनी खुर्चीत पाठ टेकली ती डॉक्टरांना दोनदा दरवाजाबाहेर बघून यायला लावल्यावर. ताई समोर, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. दाढ निघाली. मग विमासाहेबांनी हट्ट धरला की कोणीतरी उरलेले दात मोठ्याने मोजावेत. डॉक्टर मोजू लागले तर ते म्हणाले, "तुम्ही नाही. त्यांनी." ताईंनी दुरून, बोटाने दाखवत, एकेक करून मोजले. एकतीस झाले आणि त्या थांबल्या. "माणूस रडला गं बाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "एवढा मोठा माणूस."

पुढच्या रविवारी महिना संपायला दोन दिवस होते. कंपाउंडरने एक जुना सिनेमा लावायला काढला होता. विमासाहेब गालाची सूज उतरवून आले आणि न बसता उभेच राहिले.

"सुरू करायच्या आधी," ते म्हणाले, "तीन आठवड्यांपूर्वीच्या त्या छोट्या सिनेमाचे माझे गुण मला बदलायचे आहेत."

"बदलता येत नाहीत," लिफ्टवाला म्हणाला.

"नऊ."

खोलीत अशी शांतता पसरली की मला माझा काथ्या ऐकू आला.

"कितीपैकी?" बाईंनी विचारले.

"दहापैकी नऊ. मी घाबरलो. त्या बाईच्या भीतीने मी दाढ किडवत ठेवली. दहावा गुण राखून ठेवलाय, त्या माणसाने दुसरा सिनेमा काढला तर द्यायला. आता हसा."

कोणी हसले नाही. बाई आपल्या पर्सचा बंद गुंडाळत होत्या. "मी त्या दिवसापासून कुशीवर झोपते," त्या म्हणाल्या. "उताणं झोपलं की वर दिवा दिसतो."

"मी लिफ्टमध्ये मजले मोजतो," लिफ्टवाला म्हणाला. सगळे त्याच्याकडे वळले. "सातमजली इमारत आहे. वीस वर्षं तिथे जातोय. परवा सातवा गेला आणि मी डोळे मिटून घेतले. म्हटलं आता आठवा येतो की काय."

"मग दोन कशाला दिलेत?"

"दात बत्तीसच असतात म्हणून."

मागून कंपाउंडरचा आवाज आला. तो प्लेयरच्या तारेकडे तोंड करून उभा होता. "तो मी काढलाय," तो तारेला म्हणाला. "डॉक्टरीण ताई आहे. आणि तो ओढूनताणून आणलेला सोफा म्हणजे तुम्ही बसलाय तोच."

मित्रांनो, बाई आणि लिफ्टवाला माझ्यावरून एकदम उठले. विमासाहेब आधीच उभे होते, ते दोन पावले मागे सरकले. तिघेही माझ्याकडे बघत राहिले. एवढ्या वर्षांत लोक माझ्यावर बसून घाबरले होते. मला कोणी घाबरले नव्हते. स्वतःची स्तुती करू नये, पण मला ते बरे वाटले.

"म्हणजे पुढचे ठोके चूक नव्हते?" लिफ्टवाल्याने विचारले.

"नव्हते."

"मुद्दाम होते?"

"हो."

"मग तर ते जास्तच वाईट आहे," तो म्हणाला. "आठ."

बाई सावकाश परत बसल्या, कडेवर. "म्हणजे हा आपल्याशिवाय जगात कोणी बघितलेला नाही?"

"नाही."

"मग पाठवू नका कुठे," बाई कळवळून म्हणाल्या. "पाठवलात की लोक बघतील."

"छोट्या," ताई दारातून म्हणाल्या, "उद्या पोस्ट उघडं आहे. आणि बाई, तुमचे गुण?"

बाईंनी ताईंच्या चेहऱ्याकडे बघितले, विशेषतः डोळ्यांकडे, आणि पटकन म्हणाल्या, "नऊ. साडेनऊ."

सोमवारी कंपाउंडरने डिस्क पाठवली. महोत्सवाकडून काय उत्तर येईल ते मला ठाऊक नाही, आणि खरे सांगायचे तर आता त्याला त्याची घाई दिसत नाही. तो पुन्हा काहीतरी लिहितो आहे. संध्याकाळी वही घेऊन माझ्यावर बसतो आणि मला पूर्ण टेकतो.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी माझ्यासारख्या वस्तूने स्वतःची काळजी घ्यायला सांगायची असते. तर सांगतो, माझ्यावर चहा सांडू नका आणि बूट घालून पाय ठेवू नका. रेक्झिन शिवता येतो. ताई शिवतील. पण एखाद्या गोष्टीने तुम्हाला खरोखर घाबरवले, रडवले किंवा रात्रभर जागवले, तर ते तोंडाने सांगा. गुण कापून शहाणे होऊ नका. ती गोष्ट करणारा माणूस पुष्कळदा फार लांब नसतो. तो त्याच खोलीत, तुमच्या मागे, स्टुलावर बसलेला असतो.